इटलीला पाच जण, टूर कंपनीशिवाय: चोऱ्या, आजारपण, कागदपत्रं यांची नेमकी काय तयारी करायची?

मानपाडा_ठाणे

नमस्कार मंडळी. मे अखेरीस आम्ही पाच जण इटलीला निघतोय. मी, नवरा, दहा वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे. सासऱ्यांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. सासूबाईंना बीपी. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, मिलान असा क्रम आहे, मधलं सगळं ट्रेनने. रोमहून एक दिवस नेपल्स-पॉम्पेई करायचंय. विमान मुंबई–फ्रँकफर्ट–रोम, फ्रँकफर्टला मध्ये दोन तास आहेत. व्हिसाची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात.

"जपून राहा, पाकीटमार फार आहेत" असं सगळेच सांगतात. पण जपायचं म्हणजे नक्की करायचं काय? पासपोर्ट अंगावर ठेवायचा की हॉटेलात? रात्री-अपरात्री सासऱ्यांची शुगर घसरली तर कुठे धावायचं? आणि काही चोरीला गेलंच तर पहिल्या तासात काय काय करायचं? माहीतगारांनी कृपया तपशिलात सांगावं.

नेरूळ_सेक्टर१०

ताई, आधी फ्रँकफर्टचं बोलू, कारण तिकिटं काढून झालीत. शेंगेनची, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाची हद्द तुम्ही रोमला ओलांडणार नाही, फ्रँकफर्टलाच ओलांडणार. इमिग्रेशनची रांग तिथे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून ईईएस नावाची नवी नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली, आणि १० एप्रिल २०२६ ही ती सगळ्या सीमांवर पूर्ण लागू करण्याची तारीख. पहिल्या खेपेला चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. बारा वर्षांखालच्या मुलांचा फक्त फोटो, त्यामुळे लेकीचे ठसे नाहीत. पाच जणांचं हे सगळं होऊन, सिक्युरिटी पुन्हा पार करून, टर्मिनलमध्ये लांब चालून पुढचं विमान गाठायला दोन तास म्हणजे अगदी काठावरचा वेळ. सगळं एकाच पीएनआरवर असेल तर विमान चुकलं तरी एअरलाइन पुढच्या विमानात बसवते. पीएनआर वेगवेगळे असतील तर आजच बदलून घ्या, किमान तीन-साडेतीन तास ठेवा. सासू-सासऱ्यांसाठी व्हीलचेअर हवी असेल तर निघण्याच्या ४८ तास आधी एअरलाइनला कळवा. ती असली की विमानतळाचा माणूस सोबत येतो, वाट शोधावी लागत नाही.

इटलीचा व्हिसा घेऊन जर्मनीतून शिरलं तर चालतं. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याचा व्हिसा, हा नियम तुम्ही पाळताच आहात. पण काउंटरवर इटलीची हॉटेल बुकिंग, परतीचं तिकीट आणि विम्याचा कागद मागू शकतात. हे तिन्ही छापील आणि हातातल्या बॅगेत ठेवा. फोनची बॅटरी संपलेली असते ती नेमकी तिथेच.

व्हिसासाठी पासपोर्टला परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत, दोन कोरी पानं आणि दहा वर्षांच्या आत काढलेला, एवढं पाचही पासपोर्टचं आजच तपासा. फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. तो आकडा फक्त व्हिसापुरता आहे. ज्येष्ठांसाठी त्यावर थांबू नका, त्याबद्दल खाली कुणीतरी लिहीलच.

आता पाकीटमार. इटलीत पर्यटकाला धाक दाखवून लुटणं कमी, बेसावध गाठून हात मारणं जास्त. त्यामुळे भीती बाळगायचं कारण नाही, सवयी बदलाव्या लागतात. ठिकाणं ठरलेली आहेत. रोममध्ये तेर्मिनी स्टेशन, मेट्रो ए लाइनवरची बार्बेरिनी, स्पान्या आणि ओत्ताव्हियानो ही स्टेशनं, आणि तेर्मिनीहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस. मिलानमध्ये सेंट्रल स्टेशन आणि दुओमोचा चौक. व्हेनिसमध्ये वापोरेत्तो, म्हणजे तिथली जलबस, आणि रिआल्तो पूल. नेपल्सहून पॉम्पेईला जाणारी चिर्कुमवेसुव्हियाना लोकल.

मेट्रोत पद्धत अशी. टोळी तिघा-चौघांची, कपडे अगदी नीटनेटके. तुम्ही दारातून चढताना पुढची व्यक्ती मध्येच थबकते, मागची तुमच्यावर आदळते. तिच्या एका हातावर जॅकेट किंवा नकाशा टाकलेला असतो आणि त्याच्याखालून दुसरा हात काम करतो. दार बंद होण्याच्या क्षणी सगळे पुन्हा फलाटावर उतरतात. तुम्ही आत, पाकीट बाहेर. म्हणून दाराशी उभं राहायचंच नाही, सरळ डब्याच्या मध्यभागी जाऊन पाठ टेकायची. गाडी खच्चून भरलेली असेल तर सोडायची, पुढची काही मिनिटांतच येते. ठाण्याला ८.१० ची फास्ट पकडण्याची आपली सवय तिथे मोडून टाका.

पैसे आणि कागद ठेवायला बाजारातल्या पट्ट्यापेक्षा चोरखिसा कितीतरी चांगला. पट्टा घामाने ओला होतो, मग माणूस तो काढून बॅगेत टाकतो आणि सगळंच मुसळ केरात. शिंप्याकडून पँटला आतल्या बाजूने, कमरेखाली पुढे, सुती कापडाचा खिसा शिवून घ्या. पासपोर्ट साधारण १२.५ बाय ९ सेंटिमीटरचा असतो, म्हणून खिसा १५ सेंटिमीटर खोल आणि ११ रुंद, वर आडवी चेन. आत पासपोर्ट झिपवाल्या प्लास्टिक पिशवीत घालून ठेवा, म्हणजे घाम लागत नाही. सासूबाई साडी नेसणार असतील तर परकराला तसाच खिसा, पंजाबी ड्रेस असेल तर सलवारीच्या नेफ्याखाली. या खिशात चार लोकांसमोर हात घालायचा नाही. दिवसभराचा खर्च, म्हणजे माणशी ४०-५० युरो आणि एक कार्ड, वेगळ्या छोट्या पाकिटात पुढच्या खिशात. पाठीवरची सॅक असेल तर दोन्ही चेनचे ओढे एका मोठ्या सेफ्टी पिनने एकत्र अडकवा. अगदी साधी गोष्ट आहे, पण चेन अर्धा सेंटिमीटरही सरकत नाही आणि चोर पुढचं गिऱ्हाईक बघतो.

कार्डं किमान दोन वेगवेगळ्या बँकांची, व्हिसा किंवा मास्टरकार्ड, आणि दोन वेगवेगळ्या माणसांकडे. आपल्याकडच्या कार्डांवर परदेशातला वापर बंद असू शकतो. बँकेच्या ॲपमधून परदेशी व्यवहार, एटीएम आणि टॅप हे तिन्ही वेगवेगळे चालू करावे लागतात, मर्यादाही तिथेच घाला. मशीनवर "रुपयांत की युरोत" असं विचारलं तर कायम युरो निवडा. रुपये निवडले की दर मशीनवाला लावतो आणि तो नेहमी महाग पडतो. ओटीपीसाठी भारतीय सिमवर इंटरनॅशनल रोमिंग चालू करून डेटा बंद ठेवा, नेटसाठी वेगळं ई-सिम घ्या.

हातात धागा बांधणारे, गुलाब देणारे, सही मागणारे, चौकात कबुतरांचे दाणे हातावर ठेवणारे, यांच्याशी बोलायचंच नाही. हात खिशात, चालत राहायचं. मुलीला हे घरीच समजावून सांगा, कारण धागा आधी लहान मुलांच्या मनगटावर पडतो. तिकीट मशीनवर मदतीला येणाऱ्यालाही नाहीच म्हणा. आणि रस्त्यावर चादर पसरून विकलेली ब्रँडची नकली पर्स घेतली तर दंड विकत घेणाऱ्यालाही होतो, तो ७,००० युरोंपर्यंत जाऊ शकतो.

नौपाडा_केमिस्ट

सासऱ्यांच्या इन्सुलिनबद्दल एक गोष्ट सगळ्यात आधी वाचा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा ४० युनिट प्रति मिलिलिटरचं असतं आणि त्याची सिरिंजही ४० ची, लाल टोपणाची. युरोपात इन्सुलिन १०० युनिट प्रति मिलिलिटरचं मिळतं. बाटली फुटली, तिथे नवीन घेतली आणि आपल्या ४० च्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत भरली, तर अंगात १० नाही, २५ युनिट जातात. अडीचपट. जीवावर बेतू शकतं. म्हणून तिथे इन्सुलिन घ्यायची वेळ आलीच तर सिरिंजही तिथलीच १०० ची घ्यायची. पेन वापरत असतील तर ही अडचण नाही, पेनचं काडतूस आपल्याकडेही सहसा १०० चंच असतं. प्रवासापुरतं पेनवर जाता येईल का, हे डॉक्टरांना आत्ताच विचारा. आयत्या वेळी बदलू नका.

इन्सुलिन कायम हातातल्या बॅगेत. सामानाच्या डब्यात तापमान शून्याखाली जाऊ शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यावं लागतं. सुया, ग्लुकोमीटर, पट्ट्या हे सगळं प्रिस्क्रिप्शनसोबत असेल तर सिक्युरिटीला अडचण येत नाही. दुप्पट साठा घ्या आणि दोघांच्या बॅगांत निम्मा निम्मा वाटा. हॉटेलच्या मिनीबारच्या मागच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, तिथेही गोठतं. दाराच्या कप्प्यात ठेवा. उन्हाळ्यात इटली आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, म्हणजे जातानाचा दिवस तेवढा लांबतो. त्या दिवशीचा डोस किती वाजता घ्यायचा हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

शुगर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम साखर. म्हणजे सपाट तीन चमचे, किंवा साधारण १५० मिलिलिटर फळांचा रस. १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची, कमीच असेल तर परत तेवढंच. हॉटेलच्या खोलीत रात्री उशाशी साखर असलीच पाहिजे, कारण तिथे रात्री अकरानंतर खाली टपरी उघडी नसते. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि ११२ लावायचा. ११२ हा सगळ्या आणीबाणीचा एकच नंबर, सिमशिवायही लागतो, फुकट आहे, इंग्रजीत बोलता येतं. ११८ हा रुग्णवाहिकेचा जुना नंबर, काही ठिकाणी बोर्डांवर अजून दिसतो. 'व्हेअर आर यू' नावाचं ११२ चं अधिकृत ॲप आहे, त्यातून कॉल केला की तुमचं ठिकाण आपोआप कळतं. इथेच डाउनलोड करून नाव-नंबर भरून ठेवा.

हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागाला प्रोन्तो सोक्कोर्सो म्हणतात. सरकारी हॉस्पिटल पर्यटकालाही तपासतं, बिल नंतर येतं. दारात नर्स रंग देते: लाल, नारिंगी, आकाशी, हिरवा, पांढरा. लाल लगेच आत, पांढरा म्हणजे तासन्‌तास बसणं. सर्दी-खोकला, पोटदुखी घेऊन तिथे जाऊ नका. त्यासाठी आधी हिरव्या क्रॉसची पाटी असलेली फार्माचिया. तिथला फार्मासिस्ट बराच सल्ला देतो. रात्री बंद असेल तर शटरवर जवळचं चालू असलेलं दुकान लिहिलेलं असतं. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी डॉक्टर हवा पण जीव धोक्यात नसेल, तर ग्वार्दिया मेदिका ही सेवा आहे, नंबर हॉटेलच्या रिसेप्शनवर विचारा.

ॲंटिबायोटिक तिथे चिठ्ठीशिवाय मिळत नाही. आपली ब्रँडची नावं तिथे कुणाला कळत नाहीत, म्हणून डॉक्टरांकडून इंग्रजीत टाइप केलेलं पत्र घ्या. त्यात आजार, औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम आणि दिवसातून किती वेळा. पॅरासिटामॉल तिथे ताकिपिरिना या नावाने सहज मिळतं. सासूबाईंना लघवी वाढवणारी बीपीची गोळी असेल तर उन्हात चालण्याच्या दिवसांबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्या. रोममध्ये रस्त्यारस्त्यांवर लोखंडी नळ वाहत असतात, पाणी पिण्याचंच असतं, रिकामी बाटली जवळ ठेवा.

विमा घेताना "पूर्वीपासूनचे आजार" हे कलम स्वतः वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये मधुमेह-बीपीमुळे उद्भवलेला त्रास फक्त जीवघेण्या प्रसंगी आणि ठरावीक रकमेपर्यंतच धरतात. आजार लपवून घेतलेली पॉलिसी क्लेमच्या वेळी उपयोगाची नसते. ज्येष्ठांसाठी एक लाख डॉलरच्या आसपासचं कव्हर बघा. ॲडमिट व्हायची वेळ आली तर पॉलिसीवरच्या मदत-नंबरवर आधी फोन करा, आणि हॉस्पिटलातून निघताना शिक्का असलेला लेखी रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. क्लेम त्यावरच चालतो.

सीवूड्स_रेल्वे

गाड्यांबद्दल. रोम–फ्लॉरेन्स–व्हेनिस–मिलान या मार्गावर फ्रेच्चारोसा किंवा इतालो या वेगवान गाड्या घ्या. तिकिटावर गाडी, डबा, सीट सगळं ठरलेलं असतं, काही पंच करावं लागत नाही. घोळ होतो तो रीजनल, म्हणजे जवळच्या पल्ल्याच्या साध्या गाड्यांत. कागदी रीजनल तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यायचा असतो. तिकीट खरं, पैसे भरलेले, पण शिक्का नाही, तर दंड होतो आणि पर्यटक असल्याची सबब चालत नाही. मशीन बंद असेल तर चढताच टीसीला शोधून स्वतः सांगायचं, तो आपल्यापर्यंत यायच्या आत. ॲपवर काढलेल्या रीजनल तिकिटाला गाडी सुटण्याआधी चेक-इन लागतं.

रोमच्या मेट्रो-बसमध्ये बँकेचं कार्ड टॅप करून जाता येतं, पण एका कार्डावर एकच माणूस. पाच जणांना पाच वेगळी कार्डं लागतील, त्यापेक्षा १.५० युरोची कागदी तिकिटं घेणं सोपं. मेट्रोत बाहेर पडेपर्यंत जपून ठेवा.

सामान हा चोरीचा खरा मोका. बॅगा डब्याच्या दाराशी असलेल्या रॅकमध्ये ठेवून आत जाऊन बसलात तर प्रत्येक स्टेशनवर नजर ठेवायला हवी, कारण गाडी सुटायच्या आधीच्या मिनिटात कुणीही बॅग घेऊन उतरू शकतो. सायकलला लावतात ती तारेची पातळ साखळी दोन-तीन बॅगांच्या हँडलमधून ओवून रॅकच्या दांड्याला अडकवा. फोन खिडकीजवळच्या टेबलावर नको.

संप. तिथे त्याला शोपेरो म्हणतात, आणि तो आधी जाहीर करावाच लागतो. परिवहन मंत्रालयाच्या वेबसाइटवर तारखांची यादी असते. निघायच्या आठ दिवस आधी आणि मग तिथे रोज संध्याकाळी एकदा बघा. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ रीजनल गाड्या ठरावीक धावतातच. लांब पल्ल्याच्याही काही गाड्या हमीच्या असतात, त्यांची यादी रेल्वे देते. फ्रेच्चा किंवा इंटरसिटीचं तिकीट संपामुळे सोडायचं असेल तर गाडी सुटायच्या आधी रिफंड मागावा लागतो. रीजनलचा आदल्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत. परतीच्या विमानाच्या दिवशी लांबचा ट्रेन प्रवास ठेवू नका. आदल्या रात्री त्याच शहरात मुक्काम असू दे.

व्हेनिसला दोन स्टेशनं आहेत. मेस्त्रे हे खाडीच्या अलीकडे, सांता लुचिया बेटावर. सासू-सासऱ्यांसाठी हॉटेल निवडताना वापोरेत्तोच्या थांब्यापासून मध्ये एकही पूल चढावा लागत नाही ना, हे हॉटेलला ईमेलवर विचारा. प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत आणि मोठ्या बॅगा उचलून न्याव्या लागतात. एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक दिवशी फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेश शुल्क आहे. व्हेनिसमध्ये मुक्काम असेल तर ते माफ असतं, पण सूट असल्याचा कोड ऑनलाइन काढून जवळ ठेवा.

कोपरी_पूर्व

पासपोर्टबद्दल कुणी स्पष्ट लिहिलं नाही, म्हणून लिहितो. शहर बदलण्याच्या दिवशी ज्याचा त्याचा पासपोर्ट ज्याच्या त्याच्या चोरखिशात. एकाच माणसाकडे पाचही देऊ नका, एक हात मारला की पाचही गेले. शहरात फिरायच्या दिवशी हॉटेलच्या तिजोरीत, आणि अंगावर फोटोच्या पानाची व व्हिसाच्या पानाची रंगीत प्रत.

नेरूळ_सेक्टर१०

दादा, इथे माझं मत वेगळं आहे. इटलीत परदेशी माणसाने मूळ ओळखपत्र जवळ बाळगावं अशी कायद्याची अपेक्षा आहे. पोलिसांनी मागितलं आणि फक्त झेरॉक्स असेल तर ती मानायची की नाही हे त्यांच्या मर्जीवर. ओळख पटवायला चौकीत नेऊ शकतात. कोलोसियमची तिकिटंही नावावर असतात आणि दारात ओळखपत्र मागतात. चोरखिसा नीट शिवलेला असेल तर पासपोर्ट अंगावरच बरा.

कोपरी_पूर्व

कायद्याचं मान्य. पण सत्तरीतला माणूस गर्दीत दर दहा मिनिटांनी खिसा चाचपतो, आणि त्यातूनच चोराला जागा कळते. निदान ज्येष्ठांचे तरी, कोलोसियमसारखे दिवस सोडून, तिजोरीत असावेत असं मला वाटतं. ताईंनी घरातली माणसं बघून ठरवावं.

आता चोरी झाली तर पहिला तास. फोन गेला असेल तर घरातल्या दुसऱ्या फोनवरून तो हरवल्याची नोंद करून लॉक करायचा. इथे लोक अडकतात, कारण लॉगिन करायला ओटीपी लागतो आणि तो हरवलेल्या फोनवरच जातो. म्हणून गूगल किंवा ॲपल खात्यावर जोडीदाराचा नंबर दुसरा म्हणून आत्ताच जोडा. गूगलचे दहा बॅकअप कोड कागदावर उतरवून बॅगेत ठेवा. पाठोपाठ सिम बंद, म्हणजे ओटीपी येणं थांबतं. मग कार्डं. १८०० ने सुरू होणारे नंबर परदेशातून बहुतेक वेळा लागत नाहीत. बँकेचा +९१ वाला साधा नंबर शोधून आधीच लिहून ठेवा.

त्यानंतर पोलीस. तक्रारीला देनुन्चा म्हणतात. ती काराबिनिएरींच्या, म्हणजे तिथल्या लष्करी पोलिसांच्या ठाण्यात किंवा राज्य पोलिसांच्या क्वेस्तूरा अथवा कोमिस्सारियातोमध्ये होते. मोठ्या स्टेशनांत रेल्वे पोलिसांची चौकीही असते. पासपोर्ट क्रमांक, फोनचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक), चोरी कुठे आणि किती वाजता, हे कागदावर असेल तर काम लवकर होतं. आयएमईआय घरीच *#०६# दाबून उतरवून घ्या. शिक्क्याची प्रत मागून घ्या आणि तिचा लगेच फोटो काढा. विमा आणि दूतावास दोघेही हाच कागद मागतात.

पासपोर्ट गेला असेल तर रोममध्ये भारतीय दूतावास वीया वेन्ती सेत्तेम्ब्रे ५ इथे आहे, रेपुब्लिका मेट्रो स्टेशनपासून चालत. फ्लॉरेन्सही रोमच्याच अखत्यारीत येतं. व्हेनिस आणि मिलानसाठी मिलानचा वाणिज्य दूतावास. घाईच्या वेळी इमर्जन्सी सर्टिफिकेट देतात, पण ते फक्त भारतात परतण्यासाठी असतं, त्यावर पुढची सहल करता येत नाही. देनुन्चा, जुन्या पासपोर्टची प्रत, फोटो आणि परतीचं तिकीट लागेल. प्रत्येकाचे चार पासपोर्ट साइज फोटो सोबत ठेवा. शनिवार-रविवारी कार्यालय बंद असतं. वेबसाइटवरचा आणीबाणीचा नंबर आधीच सेव्ह करा.

साध्या कपड्यांत येऊन "पोलीस आहोत, पाकीट दाखवा, नोटा तपासायच्यात" म्हणणारे खोटे असतात. पाकीट बाहेर काढायचं नाही. ११२ लावतो असं मोठ्याने म्हणायचं आणि जवळच्या दुकानात शिरायचं.

वाशी_एपीएमसी

खाण्याच्या डब्याबद्दल एक-दोन गोष्टी. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून प्रवाशाने दूध आणि मांसाचे पदार्थ नेण्यावर बंदी आहे. पेढे, बर्फी, तूप, पनीर, खवा सगळं त्यात येतं. ताजी फळं-भाज्याही प्रमाणपत्राशिवाय नाहीत, म्हणजे मे महिना असला तरी हापूसची पेटी घरीच, आणि कढीपत्त्याची जुडीसुद्धा. सुक्या खोबऱ्याची वाटी विमानातच चालत नाही. मेतकूट, खाखरा, चिवडा, भाजलेला रवा, चहाची पूड यांची अडचण नाही. पॉवर बँक कायम हातातल्या बॅगेत, १०० वॉट-अवरच्या आत. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर होते, ती चालते. प्लग तिथे तीन पिना एका ओळीत, त्यात आपल्या मोबाइल चार्जरच्या दोन गोल बारीक पिना बसतात. तीन पिनांचा जाड प्लग मात्र बसत नाही, त्याला ॲडॅप्टर घ्या.

मानपाडा_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. इन्सुलिनच्या ४० आणि १०० बद्दल आम्हाला अजिबात कल्पना नव्हती, उद्याच डॉक्टरांना भेटतोय. तिकीट एकाच पीएनआरवर आहे, तरी पुढचं विमान उशिराचं मिळतंय का बघतो. राहिली फक्त गाडी. फ्लॉरेन्सहून सिएना आणि आसपासची गावं दोन दिवस करायची आहेत. घ्यावी का?

घणसोली_चालक

घ्या, पण फ्लॉरेन्स शहरातून चालवू नका. इटलीतल्या जुन्या शहरांच्या मध्यभागी झेडटीएल असतं, म्हणजे परवान्याशिवाय गाडीला बंदी. पाटी गोल, लाल कडेची, आत पांढरी, आणि वर कॅमेरा. बोर्डावर "वार्को आत्तिवो" दिसलं की बंदी चालू आहे. कुणी अडवत नाही, कॅमेरा नंबर टिपतो. दर वेळी आत गेलात की वेगळा दंड, प्रत्येकी ८० युरोंच्या पुढे. वर गाडी देणारी कंपनी तुमचं नाव-पत्ता कळवण्याचं शुल्क कार्डवरून कापते. परदेशी पत्त्यावर नोटीस पाठवायला त्यांना ३६० दिवसांची मुदत आहे, त्यामुळे ती घरी यायला वर्षसुद्धा लागू शकतं. गूगल मॅप्स या हद्दी नेहमी दाखवत नाही. म्हणून गाडी शहराच्या मध्यातून न घेता फ्लॉरेन्स विमानतळावरून घ्या, तिथे ट्रामने जाता येतं. हॉटेल झेडटीएलच्या आत असेल तर त्यांना गाडीचा नंबर देऊन नोंद करायला सांगा. सिएनाही आत बंद आहे, बाहेरच्या पार्किंगमध्ये गाडी लावून सरकत्या जिन्याने वर जाता येतं.

आपलं लायसन्स एकटं चालत नाही, सोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं. सारथी पोर्टलवर अर्ज करून ठाणे आरटीओतून निघतं, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती लागतात, म्हणून व्हिसा हातात आला की लगेच अर्ज करा. दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला गाडीत चाइल्ड सीट किंवा बूस्टर सक्तीचं आहे. लेक दहाची आहे, उंची मोजून बुकिंग करतानाच सांगा. मोटरवेवर वेगमर्यादा १३०, पावसात ११०, गावात ५०. ठरावीक अंतराचा सरासरी वेग मोजणारे कॅमेरेही आहेत, त्यामुळे कॅमेऱ्याशी हळू आणि पुढे सुसाट हे चालत नाही. टोलनाक्यावर पिवळी टेलेपास लेन (आपल्या फास्टॅगसारखी) टाळा, कार्डाची लेन धरा. पार्किंगच्या निळ्या रेघा म्हणजे पैसे भरून, पांढऱ्या फुकट, पिवळ्या राखीव.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, चाकांच्या रिमा, काच आणि छत यांचा व्हिडिओ काढा, कर्मचारी समोर असतानाच. उभ्या गाडीत सीटवर काहीही दिसू देऊ नका, साधं जॅकेटसुद्धा. डिकीत बॅगा ठेवायच्या असतील तर निघतानाच ठेवा, मुक्कामी पोचून लोकांसमोर डिकी उघडून मग गाडी सोडून जाऊ नका. आणि पेट्रोल पंपावर किंवा सिग्नलला कुणी काचेवर टकटक करून चाक बसलंय असं खुणावलं, तर दोघांनी मिळून खाली उतरायचं नाही. एक चाक बघायला वाकला की दुसऱ्या दारातून बॅग जाते. दारं लॉक, किल्ली खिशात, हळूहळू वर्दळीच्या जागी नेऊन थांबवा आणि तिथे एकानेच उतरून बघा, बाकीचे आत बसून राहू देत.